झोपलेले तीन, जागा एक

१

मॅडमचा दिवस एकाच प्रश्नाने सुरू व्हायचा. जागा आहे का?

नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहाच्या त्या व्यवस्थापिका. तीन मजले, सव्वीस खोल्या, बावन्न पलंग. कुणी फोनवर विचारायचं, कुणी बॅग घेऊन थेट दारात उभं राहायचं, कुणी ओळखीपाळखीचं नाव पुढे करायचं. मॅडम मागच्या फळ्याकडे न बघताच उत्तर द्यायच्या, कारण फळा रोज सकाळी त्याच पुसून लिहायच्या: राहणाऱ्या एक्कावन्न, जागा एक. बारा वर्षांत फळ्यावरचा आकडा एकदाही चुकला नव्हता, आणि त्याचा त्यांना जरा तोरा होता, खोटं कशाला बोला.

ह्याच मॅडम ऑफिसला कुलूप लावून आपल्या खोलीत गेल्या की धाकटी व्हायच्या. वय अडतीस, चष्म्याचा नंबर वाढलेला, कानामागे पांढरं दिसू लागलेलं, पण आईच्या लेखी धाकटी ती धाकटीच. आपणही तेच म्हणू.

आई महिन्यापूर्वीच तिच्याकडे कायमची राहायला आली होती. बाबा जाऊन चार वर्षं झाली होती, आणि जुन्या घराचे जिने आता आईच्या गुडघ्यांना झेपत नव्हते. धाकटीचं क्वार्टर तळमजल्यावर: एक मोठी खोली, मागे ओटा आणि न्हाणीघर, अंगणात उघडणारं एकच दार. आईने येताना दोन ट्रंका आणल्या, शिलाई मशीन आणलं आणि एका जुन्या चादरीत गुंडाळलेला दादाचा कॉम्प्युटर आणला. धाकटी म्हणाली, अगं, हे धूड आता भंगारवालासुद्धा नेणार नाही. आई म्हणाली, "न्यायला द्यायचंय कुणाला? त्याचा हात लागलाय त्याला."

मग तो विषय तिथेच संपला.

२

दादा तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. उंच, किडकिडीत, सदा काहीतरी खटपट करणारा. ती शाळेत असताना त्याने कुठूनसा एक खेळ आणला होता. लांबच्या कुठल्याशा ग्रहावर चार माणसं उतरतात, आणि तुम्ही त्यांचा संसार मार्गी लावायचा. भिंती घालायच्या, छप्पर चढवायचं, कोठार भरायचं, आणि मुख्य म्हणजे प्रत्येकाच्या निजण्याची सोय करायची. ज्याला पलंग नाही तो जमिनीवर झोपतो, सकाळी कुरकुरतो, आणि चार दिवसांनी वस्ती सोडून चालू लागतो.

चार माणसांची नावं अर्थातच आई, बाबा, दादा आणि धाकटी. आईला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून दादाने आख्खा खेळ मराठीत केला. खेळातले सगळे शब्द एका साध्या फाईलमध्ये असतात हे त्याला सापडलं, आणि उन्हाळ्याची सुट्टी त्यातच गेली. वस्तीला तो बिऱ्हाड म्हणाला. काम नसलेल्या माणसाच्या डोक्यावर "टंगळमंगळ" असं यायचं, भुकेल्याच्या डोक्यावर "पोटात कावळे". भिंत पडली की खाली पट्टी यायची, "भिंत खचली, बोंबला." आईने हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी होती.

इंग्रजीत सगळ्यांना मिळून एकच शब्द होता. दादा म्हणाला, आपल्यात हे चालायचं नाही, बाबांना "थकला" म्हटलं तर कानाखाली बसेल. म्हणून त्याने प्रत्येक शब्दाची तीन-तीन रूपं बसवली. आई थकली, दादा थकला, बाबा थकले. ह्या एका कामाला त्याला महिना लागला होता.

त्याचा एक नियम होता. खेळ बंद करायचा तर निजानीज झाल्याशिवाय नाही. धाकटीला अभ्यासाला जायची घाई असायची, बाबांची आरडाओरड सुरू असायची, तरी तो चौघांना एकेक करून पलंगावर पोचवायचा. चौथा माणूस आडवा झाला की पडद्यावर एक पाटी यायची: झोपलेले चार. बस, एवढीच ओळ. मग तो बटण बंद करायचा आणि म्हणायचा, आता आपण मोकळे.

ते दिवस फार चांगले होते. घर दोन खोल्यांचं होतं आणि माणसं चार, पण त्या घरात अडचण झाली असं तिला त्या वयात कधी वाटलंच नाही. वाटलं ते नंतर.

३

ती बारावीला गेली त्या वर्षी आतल्या खोलीतला दादाचा पलंग तिला मिळाला. अभ्यासाला दार लावता यावं म्हणून. दादा बाहेर कपाटाच्या आणि भिंतीच्या मध्ये सतरंजी टाकून झोपू लागला. बाबा एकदा सहज बोलून गेले की पोरीचं हे वर्ष महत्त्वाचं आहे, तू तुझं काहीतरी बघ. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण दादाने खरंच बघितलं. लांबच्या एका थंड मुलुखात बांधकामावर देखरेखीची नोकरी धरली.

जाण्याच्या आदल्या दिवशी त्याने खेळातल्या दादाला वस्तीबाहेर पाठवलं आणि त्याचा पलंग मोडून लाकडं कोठारात टाकली. धाकटी चिडली. तो म्हणाला, "मी नाही, तर माझा पलंग कशाला अडवून ठेवायचा?"

तिकडे कामगारांच्या बराकी भरलेल्या होत्या. पलंग रिकामा होईपर्यंत म्हणून त्याला सामानाच्या खोलीत झोपायला सांगितलं. थंडी कडाक्याची होती. त्याने शेगडी पेटवून दार लावून घेतलं, आणि सकाळी ते दार बाहेरच्यांनी उघडलं.

त्याच्याबरोबर काम करणारा एक माणूस त्याचं सामान घेऊन घरी आला होता. तो आईच्या पायांशी बसला आणि म्हणाला, "झोपेतच गेला हो. त्याला काही कळलंसुद्धा नाही."

आई वीस वर्षं ह्या एका वाक्यावर जगली. कुणी विषय काढला की ती स्वतःच ते म्हणायची, झोपेत गेला, त्याला काही कळलं नाही, आणि मग तिला पुढचा घास घेता यायचा. धाकटीकडे असं वाक्य नव्हतं. तिच्याकडे फक्त पलंग होता. पुढे आयुष्यभर लोकांना पलंग देण्याचीच नोकरी तिने का धरली, हे तिला कुणी विचारलं नाही आणि तिनेही स्वतःला विचारलं नाही.

४

वसतिगृहाचं इंटरनेट बघणारे एक पिकल्या मिशांचे गृहस्थ होते, सगळे त्यांना नेटवाले काका म्हणत. त्यांनी दोन दिवस खटपट करून दादाचा कॉम्प्युटर सुरू करून दिला. दुपारी राहणाऱ्या सगळ्याजणी कामावर गेलेल्या, जिने शांत, आई जेवून आडवी झालेली. धाकटीने खेळ उघडला.

खेळातले बाबा लाकडं फोडत होते.

तिने आईला उठवलं. आईने चष्मा पुसून पडद्याजवळ नाक नेलं आणि त्या बोटाएवढ्या टोपीवाल्या माणसाकडे बघत राहिली. म्हणाली, एवढं काम त्यांनी घरात केलं असतं तर! मग दोघी हसल्या, आणि हसता हसता दोघींनी डोळे पुसले.

आई परत पडली. धाकटी खेळत राहिली. हात आपोआप चालत होते, वीस वर्षं गेलीच नव्हती जणू. खेळातला दिवस कलला, दिवे लागले, आई, बाबा आणि धाकटी आपापल्या पलंगावर आडवी झाली. निजानीज. पाटी आली.

झोपलेले ३
जागा १

दुसरी ओळ तिने ह्या पाटीवर कधी पाहिली नव्हती. पण तिला त्यात वावगंही दिसलं नाही. ती रोज सकाळी अगदी असंच लिहायची. एक जागा शिल्लक आहे, ठीक आहे.

मग तिच्या डोक्यात आलं की वस्तीत पलंगच तीन आहेत.

५

जागा शिल्लक आहे पण पलंग नाही, हे कुठल्याही व्यवस्थापिकेला झोंबणारच. दुसऱ्या दुपारी तिने सगळी वस्ती धुंडाळली. चूल, अंगण, न्हाणी, कोठार. कोठारात पोत्यांची थप्पी आणि वीस वर्षांपूर्वीची लाकडं. चौथा पलंग कुठे नव्हता. पाटी मात्र तेच म्हणत होती.

तिला वाटलं, बरंच झालं. जागा आहे म्हणतंय ना, मग करूया. जे तेव्हा कुणी केलं नाही ते तिने आता मन लावून केलं. अंगणाच्या बाजूला दादासाठी स्वतंत्र खोली काढली. आधी दार, मग भिंती, मग पूर्वेला खिडकी, कारण त्याला सकाळचं ऊन तोंडावर आलेलं आवडायचं. कोठारातली तीच लाकडं वापरून पलंग केला, उशाशी दिवा ठेवला, पुस्तकांची फळी लावली. चार दुपारी त्यात गेल्या आणि त्या चार दुपारी ती फार सुखात होती. आईसुद्धा मध्येच डोळे उघडून विचारायची, झालं का बिऱ्हाड?

पलंग वाढला, म्हणजे जागा आता दोन दिसायला हव्यात. पाटी आली. झोपलेले ३, जागा १.

म्हणजे आधी चुकत होतं, आता बरोबर झालं. तिने स्वतःला असं समजावलं आणि ते तिला पटलंही. फक्त कोठारातली जेवणाची ताटं तिने सवयीने मोजली, तर तीन माणसांमागे रोज चार कमी होत होती. नव्या खोलीतला पलंग तसाच कोरा होता, चादरीला सुरकुती नव्हती. चाहूल मात्र कोठारातून लागायची. खेळात रात्री सगळं गप्प असतं, किडेसुद्धा नाहीत, आणि त्या शांततेत एक बारीक आवाज यायचा, लाकडावर कुणी तळहात टेकवावा तसा. लागोपाठ नाही. थोडा वेळ एका बाजूला, मग थोडा वेळ दुसऱ्या बाजूला.

तिने नेटवाल्या काकांना फोन केला. ते म्हणाले, मॅडम, तुमच्यापेक्षा थोडाच लहान खेळ आहे तो, मोजणीत गडबड करणारच. तिने हसून फोन ठेवला. पण त्या दुपारी तिने जड मनाने तो नवा पलंग मोडला, केवळ बघायला.

झोपलेले ३, जागा १.

आता तिला बसवेना. पलंग असो वा नसो, आकडा हलत नव्हता. तिच्या फळ्यावर असं झालं असतं तर तिने खोली-खोलीत जाऊन बघितलं असतं.

६

आई पाणी प्यायला उठली होती. धाकटीच्या खुर्चीमागे उभी राहून तिने पडद्यावरची पाटी अक्षर जुळवत वाचली.

"कोण जागा आहे गं?" आईने विचारलं.

धाकटी म्हणाली, अगं, जागा म्हणजे जागा, रिकामी जागा. आई म्हणाली, असेल बाई, मला आपलं वाटलं एक जण जागा आहे म्हणतंय. तीन झोपलेत आणि एक जागा आहे. आईने आयुष्यभर रोज निजण्याआधी दोन्ही खोल्यांतून फेरी मारली होती, कोण झोपलं, कोण जागं. तिला दुसरा अर्थ सुचलाच नाही.

धाकटीने आईला कॉटवर बसवलं आणि दादाची शब्दांची फाईल उघडली. हजारभर ओळी, मध्ये मध्ये त्याच्या गमती. शेवटी ती ओळ सापडली. झोपलेला, झोपलेली, झोपलेले. तिच्या खाली: जागा, जागी, जागे. रिकाम्या पलंगाला त्याने शब्द दिला होता "मोकळा", आणि तो त्या पाटीवर येतच नव्हता. पाटी फक्त माणसं मोजत होती. वीस वर्षांपूर्वी ती दुसरी ओळ कधी दिसली नाही, कारण दादा कुणाला जागं ठेवून खेळ बंदच करत नसे.

रिकाम्या जागेवर कुणी बोट ठेवून बघत नाही. माणसावर ठेवतात. तिने "जागा १" वर टिचकी मारली.

चित्र सरकलं, अंगणावरून, चुलीवरून, आणि कोठारात जाऊन थांबलं. अंधार. पोत्यांची थप्पी, आणि थप्पीपासून तीन पावलांवर दार, सरळ समोर. माणूस दिसत नव्हता. भिंतीला लागून काहीतरी खालच्या खाली सरकत होतं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. त्याच्यावर दादानेच लिहिलेले दोन शब्द तरंगत होते, आणि ह्या शब्दांत त्याने काही गंमत केली नव्हती.

दार शोधतोय

तो झोपेत गेला नव्हता. हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. शेगडीचा धूर, बंद खोली, आणि भिंतीवरून हात फिरवणारा तेवीस वर्षांचा मुलगा. तिचा दादा. सगळा वेळ जागा होता.

"सांग ना, कोण जागं आहे?" आई कॉटवरून म्हणाली.

धाकटीने खुर्ची सरकवून पडदा झाकला. "मीच गं, आई. खेळातली मी. तेच दाखवतंय."

आई हळूच म्हणाली, "मग जागी लिहिलं असतं त्याने. असल्या चुका तो करायचा नाही."

अंगणात कुणाचे तरी वाळत घातलेले कपडे हलत होते. आईचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले होते.

"धाकटे, तो झोपेतच गेला ना?"

वीस वर्षांत आईने हा प्रश्न केला नव्हता. आजवर ते वाक्य ती सांगायची, आज ती ते मागत होती. आणि ते द्यायला जगात आता एकच माणूस उरलं होतं.

"हो आई," धाकटी म्हणाली. "झोपेतच. तू पड. मी दाखवते तुला, थांब."

७

तिने खेळातल्या धाकटीला उठवलं. तिच्या हातात दिवा दिला आणि हुकूम केला: कोठारात जा.

ती लहानशी आकृती पलंगावरून उतरली, अंगण ओलांडलं, कोठाराचं दार ढकलून आत गेली. पाटीवर आलं, झोपलेले २, जागे २. दिव्याच्या उजेडात पोत्यांची एक बाजू दिसली. तिथे काय होतं हे धाकटीने पाहिलं. म्हणजे उंच होतं, किडकिडीत होतं, आणि दिव्याकडे पाठ करून उभं होतं, एवढंच तिला सांगता येईल. मग दिवा विझला. दार एकदा उघडलं आणि मिटलं.

अंगणातून कुणीतरी चालत गेलं. नव्या खोलीकडे नाही, तो पलंग तर तिने स्वतःच्या हाताने मोडला होता. ते धाकटीच्या खोलीत गेलं. आतल्या पलंगावरची चादर हलली, आणि स्थिर झाली.

खेळाने विचारलं, "धाकटीचा पलंग दुसऱ्याने घेतलाय. त्याला उठवायचं?" खाली दोन बटणं होती, हो आणि नको.

धाकटीने डोळे पुसले. "झोप रे दादा," ती म्हणाली, आणि "नको" दाबलं.

पाटी आली.

झोपलेले ३
जागी १

तिने कॉम्प्युटर आईकडे वळवला. आईने पुढे वाकून बोटाने एकेक अक्षर वाचलं. जागी. दोनदा वाचलं. मग तिने श्वास सोडला, इतका लांब की इतकी वर्षं तो आत होता तरी कुठे असं वाटावं. ती उशीवर टेकली आणि बघता बघता तिला झोप लागली, तोंड किंचित उघडं, हात दोन्ही बाजूंना सैल.

धाकटीने खेळ बंद केला. आता आपण मोकळे, असं म्हणायचं तिच्या ओठांवर आलं होतं, पण ती बोलली नाही. ती खुर्चीत बसून आईकडे बघत राहिली. तिला हलकं वाटत होतं. वीस वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

साडेपाचला आई जागी झाली. चेहरा ताजा दिसत होता, गालावर उशीचा वळ उमटला होता. म्हणाली, किती वर्षांनी अशी गाढ झोप लागली गं, तुझा लागला का जरा डोळा? धाकटी म्हणाली, लागला.

"काय कोंदटलंय इथे," आई पदराने वारा घेत म्हणाली. "दार उघड बाई जरा."

धाकटी उठली. खोलीत चांगला उजेड होता. कॉट होती, ट्रंका होत्या, मशीन होतं. ती कपाटाजवळून निघाली, भिंतीला हात टेकला आणि चालू लागली. पहिला कोपरा आला. मग दुसरा. बाहेर अंगणात राहणाऱ्या बायका परतल्या होत्या, त्यांचं हसणं अगदी जवळून, पलीकडूनच ऐकू येत होतं.

"अगं, उघडतेस ना?" आई म्हणाली.

"हो आई," धाकटी म्हणाली, आणि तिसऱ्या भिंतीवर तळहात टेकवला.